मैदानाचं गणित (भाग ६) : राखून धावणं

अविनाश साबळेच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या चार शर्यती शेजारी शेजारी मांडल्या, की कुठेतरी गणित चुकल्यासारखं वाटतं. जुलै २०२४, पॅरिसची डायमंड लीग : ८ मिनिटं ९.९१ सेकंद, राष्ट्रीय विक्रम, पण क्रमांक सहावा. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा : ८:११.२०, रौप्य. ऑक्टोबर २०२३, हांगझोऊची आशियाई स्पर्धा : ८:१९.५०, सुवर्ण. आणि जुलै २०२२, अमेरिकेतल्या युजीनची जागतिक स्पर्धा : ८:३१.७५, अकरावा.

प्रतिस्पर्धी बदलले, हे एक उत्तर झालंच. पण युजीनचं कोडं त्यानं सुटत नाही. तिथे सोनं जिंकणाऱ्या मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीलाही ८:२५.१३ लागले. म्हणजे त्या दिवशीचा जगज्जेता अविनाशच्या हांगझोऊमधल्या वेळेपेक्षा साडेपाच सेकंदांनी संथ होता.

मागच्या भागात पेसमेकर पाहिला : ठरलेल्या गतीनं पुढे पळून मध्येच बाजूला होणारा भाडोत्री धावपटू. अजिंक्यपदाच्या शर्यतीत तो नसतो. पदक क्रमांकाला मिळतं, वेळेला नाही. मग पुढे राहून वारा अंगावर कुणी घ्यायचा? सगळेच एकमेकांच्या आडोशाला राहतात, गती पडते आणि अख्खी शर्यत शेवटच्या फेरीवर येऊन ठेपते. तिथे ज्याच्या पायात दीड हजार मीटरवाल्याचा झटका आहे त्याचं फावतं. अविनाशचं बळ वेगळं आहे. चढी गती धरून ती लांबवर टिकवायची आणि बाकीच्यांना दमवायचं, हा त्याचा खेळ. युजीनच्या संथ शर्यतीत त्याच्या या भांडवलाला गिऱ्हाईकच नव्हतं.

त्यात स्टीपलचेस. २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि हर्डलसारखा पाय लागला म्हणून पडत नाही. पडतो तो माणूस. गती कमी म्हणजे घोळका दाट, आणि दाट घोळक्यात पुढच्यानं उडी घेईपर्यंत अडथळा नीट दिसतही नाही. दोहाच्या २०१९ च्या जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडापडीत अविनाश अडकला. भारतानं दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं गेलं. तिथे तो तेरावा आला, पण ८:२१.३७ असा नवा राष्ट्रीय विक्रम करून.

युजीननंतर तीन आठवडेही झाले नव्हते तोच बर्मिंगहॅम आलं. १९९८ पासून राष्ट्रकुलच्या या शर्यतीत केनियाबाहेर एकही पदक गेलं नव्हतं. समोर तीन केनियन : रिओ ऑलिंपिकचा विजेता कॉन्सेस्लस किप्रुतो, अब्राहम किबिवोट आणि अमोस सेरेम. या वेळी गती पहिल्यापासून चढी राहिली, आणि अविनाशला हवं होतं तेच झालं. युजीनला कांस्य जिंकलेला किप्रुतो या गतीत मागे पडला आणि पदकाबाहेर गेला. सेरेमही मागे राहिला. अखेरच्या सरळ पट्टीत किबिवोट आणि त्याला गाठू पाहणारा अविनाश, एवढेच उरले. ८:११.१५ विरुद्ध ८:११.२०. त्या वेगात ०.०५ सेकंद म्हणजे फार तर फूट-सव्वा फूट. सोनं हुकलं खरं; तरी त्याची सर्वांत मोठी शर्यत कोणती असं विचारलं, तर हांगझोऊच्या सुवर्णाआधी याच रौप्याचं नाव घ्यावं लागेल.

अविनाशचं मांडवा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, म्हणजे आपल्या धाराशिवच्या शेजारच्याच जिल्ह्यात. तोच बालाघाट, तोच दुष्काळ, आणि पळण्याचं कारणही तेच : भरती. अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला आणि स्पर्धेसाठी धावायला लागला तो नंतर, नोकरीत असताना. आपल्या भूम-वाशीकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पळतात ती १,६०० मीटरसाठी. सैन्यभरतीत ते साडेपाच मिनिटांत झाले की पैकीच्या पैकी गुण. बर्मिंगहॅमच्या गतीनं तेवढंच अंतर, तेही अडथळे ओलांडत, सुमारे ४ मिनिटं २२ सेकंदांत होतं. आणि पुढे १,४०० मीटर बाकीच असतात. पण खरा फरक वेगळाच. भरतीत शेजारचा पुढे गेला काय न् मागे राहिला काय, आपले गुण घड्याळ ठरवतं. त्यामुळे आपल्याकडचा धावणारा घड्याळ ओळखतो, शेजारचा माणूस ओळखायला शिकत नाही. ती नजर धाराशिवला खो-खोत मात्र भरपूर आहे : पाठलाग करणारी आता कुठे वळणार हे तिच्या खांद्यावरून ताडणं. धाराशिवच्याच खो-खोपटू सारिका काळेला अर्जुन पुरस्कारापर्यंत नेणाऱ्या खेळातलं हे रोजचं काम.

हांगझोऊत अविनाशनं वाट पाहिलीच नाही. तो पुढे निघाला आणि रौप्य मिळवणाऱ्या जपानच्या र्‍योमा आओकीला चार सेकंदांहून अधिक मागे टाकून स्पर्धाविक्रमासह जिंकला. आशियात हे चालतं. पुढे राहण्याचा हाच डाव त्यानं पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत सुरुवातीला टाकून पाहिला, तेव्हा मागून जग आलं : ८:१४.१८, अकरावा.

हांगझोऊच्या सुवर्णानंतर तीनच दिवसांनी तो पाच हजार मीटरला उभा राहिला आणि १३:२१.०९ वेळेत रौप्य घेऊन आला. साडेबारा फेऱ्या, एकही अडथळा नाही, आणि पुढे बहारीनचा बिरहानू बालेव. त्या शर्यतीचं गणित पुढच्या आठवड्यात.