विश्लेषण : समृद्धीच्या बोगद्यावरचा डोंगर नेमके कोण पेलते?

इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा ७६ किमीचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून शहापूर तालुक्यातील वशाळा ते इगतपुरीजवळील पिंप्री सद्रोद्दीन हे अंतर जवळपास आठ किमीच्या जुळ्या बोगद्यातून काही मिनिटांत कापले जाते. बोगदा साडेसतरा मीटर रुंद, नऊ मीटरहून अधिक उंच. वर सह्याद्री. तो खाली का येत नाही, हा प्रश्न गाडीत बसलेल्या अनेकांना पडतो.

काँक्रीटचे अस्तर डोंगर पेलते का?

नाही. साधा हिशेब करून पाहा. डोक्यावर १०० मीटर बेसॉल्ट आहे असे समजू. एक घनमीटर बेसॉल्ट सुमारे २.८ टनांचा, म्हणजे दर चौरस मीटरवर २८० टन. साडेसतरा मीटर रुंदीला, बोगद्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे ४,९०० टन. हा भार दोन भिंतींत वाटला आणि एम-२५ काँक्रीट चौरस मीटरला साधारण २,५०० टनांवर चिरडते हे धरले, तर सुरक्षेसाठी काहीही राखून न ठेवता प्रत्येक भिंत एक मीटर जाड हवी. प्रत्यक्षात चांगल्या खडकात फवारलेल्या काँक्रीटचा, म्हणजे शॉटक्रीटचा, थर ५ ते १५ सेंमीच असतो.

बहुतांश भार खडकच पेलतो. पोकळी झाली की तिच्यावरचा दाब बाजूने वळतो आणि खडकातच कमान तयार होते. समृद्धीच्या या बोगद्यासाठी वापरलेली न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड, म्हणजेच ‘नाटम’, याच तत्त्वावर चालते.

मग शॉटक्रीट कशासाठी?

सुरुंगानंतर छतातले दगड सैल होतात. एक निसटला की शेजारचा सुटतो आणि कमानच मोडते. शॉटक्रीट हे दगड जागीच जखडते, तर खडकात खोल ठोकलेले रॉक बोल्ट सैल थर मागच्या घट्ट खडकाला बांधून ठेवतात. काँक्रीट दाब सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी. म्हणून त्यात जाळी किंवा पोलादी तंतू घालतात. (फवारणीचे हे यंत्र १९०७ च्या सुमारास आणले कार्ल एकली या अमेरिकी गृहस्थाने. ते इंजिनीअर नव्हते, संग्रहालयासाठी प्राण्यांत पेंढा भरत!)

संगणकावरचे मॉडेल काय सांगते?

डोंगर आणि अस्तराचे हजारो छोटे तुकडे करून प्रत्येकावरचा दाब आणि सरक मोजायची, ही ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धत. खरी अडचण वेळेची असते. थर फार लवकर दिला, तर कोवळ्या काँक्रीटवर जास्त भार येतो. उशीर झाला, तर खडक सैल पडतो. फवारल्यानंतर काही तासांचे काँक्रीट आणि २८ दिवसांचे काँक्रीट यांत जमीन-अस्मानाचा फरक. त्यामुळे मॉडेलमध्येही बोगदा एकदम खोदत नाहीत. दोन-तीन मीटर खोदा, फवारा, बोल्ट ठोका, पुढे सरका, असा प्रत्येक टप्पा तपासतात. तयार बांधकामापेक्षा अर्धवट बांधकाम अनेकदा अधिक धोक्याचे असते. हे शहापूरला वेगळे सांगायला नको. याच महामार्गावर सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. तो अपघात पुलाच्या कामाचा, बोगद्याचा नव्हे. पण काम पुरे व्हायच्या आधीचाच.

मॉडेल चुकले तर?

चुकू शकते. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे. दोन थरांमध्ये कुठे लालसर, मातीसारखा मऊ पट्टा लागतो, तर कुठे भेगांतून पाणी झिरपते. चार बोअरमधून हे सारे कळत नाही. म्हणून छतावर आणि भिंतींवर खुणेचे बिंदू बसवून बोगदा किती मिलिमीटर आत सरकतो हे मोजत राहतात. सरक हळूहळू थांबली तर ठीक. वाढत राहिली, तर मॉडेल काहीही म्हणो, काम थांबवून थर आणि बोल्ट वाढवावे लागतात. लंडनच्या हीथ्रो विमानतळाखाली २१ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘नाटम’चेच बोगदे कोसळले, तेव्हा जमीन सरकत असल्याचे आकडे हाताशी होते. त्यांच्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही.

माळशेजच्या दरडींना हा उपाय चालेल?

मुरबाडकरांचा हा रास्त प्रश्न. शॉटक्रीट आणि बोल्ट घाटातही वापरता येतात, पण हिशेब निराळा. उघड्या कड्याला बोगद्यासारखी कमान मिळत नाही, आणि फवारलेल्या थरामागे पाणी तुंबले, तर तेच पाणी थराला बाहेर ढकलते. त्यामुळे पाणी बाहेर काढणारी भोके आणि नळ्या थराच्या जाडीइतक्याच महत्त्वाच्या. अशा कड्याचे मॉडेल भेगा पाण्याने भरल्या आहेत असे धरूनच तपासावे लागते. मे महिन्यात भक्कम दिसणारा कडा जुलैत तसाच राहील, हे गृहीत धरता येत नाही.