पेंढा कुजविणारी बुरशी आणि तिला लागणारी हवा

मावळ तालुक्यात भात हे खरिपाचे मुख्य पीक होय. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेल्या ‘इंद्रायणी’ या वाणाने तालुक्याचे नाव दूरवर नेले. मळणी उरकली की चांगला पेंढा गुरांच्या वैरणीसाठी रचून ठेवला जातो. परंतु भिजून काळा पडलेला पेंढा आणि गव्हाणीतील चघळ राबावर भाजले जाते, अथवा उकिरड्यावर पडून राहते. राब भाजल्याने तणांचे बी मरते व रोपांना राखेतील पालाश मिळतो, हे खरे. तथापि सेंद्रिय कर्ब आणि बहुतेक नत्र धुराबरोबर निघून जातो. उतारावरील धुपणाऱ्या जमिनींना हा तोटा परवडणारा नाही.

मग पेंढा कुजवावा, तर तो लवकर कुजत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिचे मूळ पेंढ्याच्या घडणीत आहे. पेंढ्याचा सर्वांत मोठा घटक सेल्युलोज. साखरेचे असंख्य कण साखळीसारखे जोडले जाऊन तो बनतो. या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की, पाण्याच्या साहाय्याने त्या तोडणाऱ्या नेहमीच्या विकरांना आत शिरकाव मिळत नाही. त्यात भर म्हणून लिग्निन आणि सिलिका यांचे कवच असते.

हे घट्ट सेल्युलोज प्रथम सैल करणारा एखादा घटक बुरशीजवळ असावा, असा तर्क अमेरिकेतील शास्त्रज्ञ एल्विन रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली मांडला. त्याचा उलगडा होण्यास साठ वर्षे लागली. २०१० साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी, कीटकांच्या व खेकड्यांच्या कवचात असणाऱ्या कायटिनावर काम करताना, ऑक्सिडीकरणाने साखळी मधोमध तोडणारे विकर दाखवून दिले. सेल्युलोजावर असेच काम करणारी विकरे बुरशींमध्ये असल्याचे २०११ साली सिद्ध झाले. अशा विकराच्या कार्यस्थानी तांब्याचा एक अणू असतो. ओंडका फोडताना आधी पाचर ठोकावी व मग कुऱ्हाड चालवावी, तसाच हा प्रकार आहे. पाचरीचे काम हे विकर करते. पडलेल्या फटीतून नेहमीची विकरे आत शिरतात आणि साखळीची साखर करतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या विकरास प्राणवायू अथवा त्यापासून बनणारे हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. लिग्निन फोडणाऱ्या बुरशींचीही गरज हीच. हवा कोंडली की पाचर थांबते.

लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, हवा नाहीशी होते आणि पेंढा कुजण्याऐवजी आंबट वास मारीत पडून राहतो. यासाठी ढीग जमिनीवर, उंच जागी व सावलीत रचावा आणि तो कापणीनंतर लगेच रचावा, म्हणजे पावसापूर्वी खत तयार होईल. पेंढ्याचे बारीक तुकडे करून थरांवर शेणकाला शिंपडावा. पेंढ्यात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्याने थोडा युरिया द्यावा व ट्रायकोडर्मासारख्या बुरशीचे संवर्धन मिसळावे. मुठीत दाबल्यास हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा ठेवावा. दर पंधरा-वीस दिवसांनी ढीग वरखाली करावा. ही चाळणी म्हणजे बुरशीस दिलेला श्वासच होय.

चाळणीस मजूर मिळत नसल्यास नाडेप पद्धत सोयीची ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी प्रचारात आणलेल्या या विटांच्या हौदाच्या भिंतींस मुद्दाम छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून हवा खेळती राहते. चारसूत्री भातलागवडीत हेक्टरी २ टन पेंढा पहिल्या नांगरणीच्या वेळी जमिनीत गाडण्याची शिफारस आहे. त्यातही तत्त्व हेच, की खाचरात पाणी साठण्यापूर्वी, जमिनीत हवा असतानाच कुजण्यास प्रारंभ व्हावा.

शेतकरीबंधूंनी यंदा निदान एक ढीग या रीतीने रचून पाहावा आणि जुन्या उकिरड्याशी त्याची तुलना करावी. आज काडी लावून जाळला जाणारा पेंढा पुढील हंगामी त्याच खाचराचे खत होईल.