आगमनकाळ आणि देवाची प्रीती



नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो. आपण लावतो त्या मेणबत्त्यांच्या चक्राची प्रथा जर्मनीतली. १८३९ साली हॅम्बुर्गला योहान विखर्न यांनी गरीब मुलांच्या वसतिगृहात, नाताळला किती दिवस उरले हे मुलांना कळावे म्हणून, लाकडी चाकावर रोज एक मेणबत्ती लावली. आता चार रविवारी चार लावतात. पुष्कळ चर्चमध्ये चौथी प्रीतीची.

ही प्रीती कशी? लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळाल्याने बाळ येशूला गव्हाणीत निजवतात, आणि वार्ता प्रथम मेंढपाळांना कळते. देव आपण होऊन येतो, तेही जागा नसलेल्यांकडे. परदेशात घर शोधत हिंडलेल्या आपल्याला हे चटकन उमजावे.

यंदा करंज्यांचा एक डबा एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याकडे, आजी-आजोबांकडे आपण स्वतः नेऊ या.

सर्वांना नाताळच्या शुभेच्छा!