विद्यार्थी आणि त्याचें सार्वजनिक मत

शाळेंत शिकणाऱ्या मुलानें सार्वजनिक प्रश्नांवर आपलें मत बनवावें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या घरांतून वारंवार निघतो. नववी-दहावींतील मुलगा किंवा मुलगी जेवतांना एखाद्या कायद्याविषयीं, निवडणुकीविषयीं किंवा गांवच्या पाण्याविषयीं कांहीं ठामपणें बोलून जाते आणि घरांतील वडील माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात. कोणी म्हणतो, "आधीं परीक्षेचें पाहा, मग देशाचें." कोणी कौतुकानें म्हणतो, "पाहा, आमचा बाळ आतांच पुढारी झाला!" पहिल्या उत्तरानें मुलाचें तोंड बंद होतें. दुसऱ्यानें त्याला शाबासकी मिळते. पण तो जें बोलला तें खरें आहे काय, हें दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.

आईबापांच्या मनांत या बाबतींत जी धास्ती असते, तिला क्षुद्र म्हणतां येणार नाहीं. मुलाच्या शिक्षणासाठीं कित्येक घरांनीं कर्ज काढलेलें असतें, कित्येकांनीं शेताचा तुकडा विकलेला असतो. तें शिक्षण एखाद्या चळवळीच्या भरांत वाहून जावें, असें कोणाला वाटेल? म्हणून या प्रश्नाचा नुसता तात्त्विक विचार न करतां, जेथें विद्यार्थ्यांना आपल्या मताची किंमत प्रत्यक्ष मोजावी लागली, अशा एका प्रदेशाकडे आज आपण पाहूं.

सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता सुमारें ४५ किलोमीटरांचा आहे. आश्विनांतल्या पौर्णिमेला भवानीच्या दर्शनासाठीं पायीं निघालेल्या भाविकांची या रस्त्यावर रीघ लागते. याच रस्त्यावर तुळजापूर तालुक्यांतील तामलवाडी हें गांव आहे. आज तें धाराशिव जिल्ह्यांत मोडतें. १९४८ पर्यंत मात्र या रस्त्यानें जाणारा वाटसरू एका राज्यांतून निघून दुसऱ्या राज्यांत पोहोंचत असे. सोलापूर ब्रिटिश मुलखांत होतें, तर तुळजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता.

अंतर थोडें होतें, पण मत बनविण्याच्या साधनांत फरक फार होता. सोलापुरांत तरी स्वराज्य होतें असें नव्हे. १९३० सालीं त्या शहरानें लष्करी कायदा भोगला आणि जानेवारी १९३१ मध्यें तेथील चार देशभक्त फांशीं गेले. तरीसुद्धां तेथें मराठींतून शिकतां येई, वर्तमानपत्रें हातीं पडत, सार्वजनिक सभा भरत. संस्थानांत 'गश्ती निशाण ५३' या हुकुमामुळें सभेला सरकारची पूर्वपरवानगी लागे. वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून होई. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठानें उच्च शिक्षण इंग्रजीऐवजीं एका देशी भाषेंतून दिलें, ही त्या काळीं मोठीच गोष्ट होती. परंतु ती भाषा मराठवाड्यांतील बहुसंख्य मुलांची मायबोली नव्हती. ज्या भाषेंत मूल घरीं भांडतें आणि रुसतें, त्या भाषेंत त्याला शाळेंत विचार करावयास मिळत नसे.

मत मनांत आपोआप उगवत नाहीं, हें या उदाहरणावरून स्पष्ट दिसतें. त्याला भाषा लागते, बातमी लागते, आणि आपण चुकलों तर तसें सांगणारा सोबतीही लागतो. सरळ वाट बंद झाल्यामुळें मराठवाड्यांतील लोकांनीं आडवाटा शोधल्या. कोठें वाचनालय निघालें, कोठें गणेशोत्सवांतील मेळ्यांतून विचार पसरले, कोठें खासगी शाळा उभी राहिली. १९२१ सालीं याच जिल्ह्यांतील हिप्परगा या खेड्यांत राष्ट्रीय शाळा निघाली, ती अशा प्रयत्नांपैकींच एक. १९२९ च्या सुमारास तेथें एक तरुण शिक्षक येऊन दाखल झाला. त्याचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. पुढें संन्यास घेतल्यावर तेच स्वामी रामानंद तीर्थ झाले.

स्वामीजींच्या विद्यार्थिदशेची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोलाची आहे. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील सिंदगी येथें झाला. १९२० सालीं ते सोलापुरांत शिकत होते. त्या वर्षीं लोकमान्य टिळक निवर्तले आणि गांधीजींनीं असहकाराचा पुकारा केला. सतरा वर्षांच्या या मुलानें सरकारी शाळा सोडली. एवढीच गोष्ट सांगून आपण थांबलों, तर ती बंडखोर मुलाची गोष्ट होईल, आणि तसें मूल कोणत्याही गल्लींत सांपडेल. परंतु शाळा सोडणाऱ्या या मुलानें शिकणें सोडलें नाहीं. अमळनेरला आणि मग पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठांत त्यांनीं आपलें शिक्षण पुरें केलें. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखालीं राहून कामगारांचे प्रश्न जवळून पाहिले. त्यानंतर हिप्परग्याला, आणि १९३५ पासून मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, त्यांनीं मुलांना शिकविलें. १९३८ सालीं ते सत्याग्रहांत उतरून तुरुंगांत गेले, तेव्हां त्यांच्या सतराव्या वर्षींच्या मतामागें अठरा वर्षांचा अभ्यास आणि सेवा उभी होती. तरुणपणीं घेतलेल्या मताचें कर्ज त्यांनीं अभ्यासानें फेडलें, असें म्हटलें तरी चालेल.

तथापि यावरून प्रत्येक विद्यार्थ्यानें शाळा सोडावी असा अर्थ काढणें धोक्याचें आहे. १९२०-२१ सालींही तसा अर्थ काढण्याविरुद्ध थोर माणसें बोललीं होतीं. शाळा-कॉलेजांवरील बहिष्कार रवींद्रनाथ ठाकुरांना मान्य नव्हता. जुनी शाळा मोडण्यापूर्वीं नवी उभी आहे काय, ही त्यांच्यासारख्यांची शंका खोटी नव्हती. महाराष्ट्रांत तर या शंकेला आणखी धार होती. ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या कोणी पाटीला हात लावला नव्हता, त्या घरांतील पहिलाच मुलगा तेव्हां कोठें शाळेच्या पायरीवर चढत होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली ती अशाच मुलांसाठीं. ज्याच्या घरांत शिक्षण मुरलेलें आहे, त्यानें एक वर्ष शाळा सोडणें आणि ज्याच्या घरांत तें प्रथमच येत आहे, त्यानें सोडणें, या दोन त्यागांचें वजन सारखें नाहीं. व्याख्यानपीठावरून मुलांना हांक देणाऱ्यानें हें वजन आधीं तोलून पाहावें. आपल्या मतासाठीं आपण किंमत देणें वेगळें आणि दुसऱ्याच्या लेकराकडून ती देवविणें वेगळें.

आतां १९३८ सालच्या अखेरीकडे वळूं. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत विद्यार्थी 'वंदे मातरम्' म्हणूं लागले. अधिकाऱ्यांनीं मनाई केली. विद्यार्थ्यांनीं ऐकलें नाहीं. औरंगाबादच्या कॉलेजांत आणि इतरत्रही असेंच घडलें आणि शेंकडों विद्यार्थी संस्थेबाहेर काढले गेले. त्यांच्या घरांतून त्या वेळीं काय बोलणें झालें असेल, याची कल्पना आपण करूं शकतों. या मुलांना नागपूर विद्यापीठानें आपल्याकडे प्रवेश दिला. घरदार सोडून, परक्या शहरांत राहून, कित्येकांनीं पदव्या मिळविल्या. त्यांपैकीं एक पी. व्ही. नरसिंह राव १९९१ सालीं भारताचे पंतप्रधान झाले. परंतु सर्वच कांहीं नागपूरला पोहोंचूं शकले नसतील. ज्याला भाड्याचे पैसे जुळले नाहींत, ज्याच्या घरीं मिळवता दुसरा कोणी नव्हता, अशांचीं नांवें इतिहासांत येत नाहींत. नागपूरनें जें केलें त्याचें महत्त्व यामुळेंच वाटतें. मुलांनीं मत धरलें तेव्हां कोणी तरी वडीलधाऱ्यानें त्यांच्या शिक्षणाची वाट उघडी ठेवली.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्याची एक तुकडी सोलापूरकडून संस्थानांत शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाचें राज्य संपलें. सरहद्द पुसली गेली. तामलवाडीच्या मुलाला आज सभेसाठीं कोणाचा हुकूम आणावा लागत नाहीं. मराठींत शिकतां येतें, कोणतेंही वर्तमानपत्र वाचतां येतें. पूर्वीं अडचण अशी होती कीं मत बनविण्याला सामग्री मिळत नसे. आज अडचण उलट आहे. तयार मतें हातांतल्या मोबाइलवर दिवसभर येऊन पडतात आणि तीं स्वतः पारखून पाहण्याची उसंत मुलाला मिळत नाहीं. बाजारांतून आणलेल्या सदऱ्यासारखें मत अंगावर चढवितां येतें; तें कोणाच्या मापानें बेतलें आहे, हें कळत नाहीं.

मग मत बनवावें तरी कसें? एक उदाहरण घेऊं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लोहमार्गाची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्यें सोलापुरांत झाली. लोहमार्ग म्हटला कीं जमीन लागणार, आणि जमीन म्हटली कीं मोबदल्याचा वाद येणार. अशा गांवांतील दहावीच्या विद्यार्थ्यानें ऐकलें कीं "सरकार कवडीमोलानें जमीन घेतें." तो तें वाक्य तसेंच पुढें म्हणूं लागला, तर तें त्याचें मत नव्हे, तो केवळ प्रतिध्वनि आहे.

आतां त्यानें हिशेबाला बसावें. २०१३ च्या भूसंपादन कायद्यांत मोबदल्याची रीत सांगितली आहे. प्रथम जमिनीची बाजारभावानें किंमत ठरवावयाची. ती ठरवितांना सरकारी दरपत्रकांतील किंमत आणि जवळपासच्या तशाच जमिनींच्या गेल्या तीन वर्षांतील खरेदीखतांवरून काढलेली सरासरी पाहतात आणि जी अधिक असेल ती धरतात. सरासरी काढतांनाही चढ्या किंमतीचीं निम्मीं खतेंच घेतात. खेड्यांतील जमिनीसाठीं या किंमतीला एक ते दोन यांच्या दरम्यान राज्यानें ठरविलेल्या गुणकानें गुणतात. विहीर, झाडें, घर यांची किंमत त्यांत मिळवितात. मग जी बेरीज येईल तितकीच आणखी रक्कम दिलासा म्हणून देतात. समजा, एका एकराचा बाजारभाव पांच लाख ठरला आणि गुणक दोन धरला, तर दहा लाख होतात. दिलासा मिळवून वीस लाख. शाळेंतील साधा गुणाकार आणि सरासरी येथें पुरते.

इतकें केल्यावर मुलाला एक निराळाच प्रश्न सुचेल. सारा हिशेब ज्या खरेदीखतांवर उभा आहे, त्यांतील आंकडे खरे आहेत काय? मुद्रांकाचा खर्च वांचावा म्हणून खतांत किंमत कमी लिहिण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं आहे, हें वडील मंडळींना ठाऊक असतेंच. व्यवहार आठ लाखांचा आणि कागदावर चार लाख! असें गांवांत वर्षानुवर्षें चाललें असेल, तर मोबदल्याच्या वेळीं तो कागदच गांवाविरुद्ध साक्ष देतो. म्हणजे कमी मोबदल्याचें एक कारण सरकारी कचेरींत असेल, तर दुसरें आपल्याच घरच्या पेटींत असूं शकेल. सरकारची बाजू खरी कीं शेतकऱ्यांची, एवढाच प्रश्न आतां उरत नाहीं. दरपत्रक सुधारलें पाहिजे, गुणक पुरेसा हवा, आणि खतांत खरी किंमतही लिहिली पाहिजे, असें तीन पदरी मत तयार होतें. त्याच्या तिसऱ्या पदराची झळ प्रथम स्वतःच्या घराला लागते, आणि तरीही मुलगा तें बोलतो, तेव्हां तें मत त्याचें झालें असें समजावें.

अशा मुलाचा अभ्यास बुडतो काय? मला तर उलट वाटतें. त्याला सरासरी कशासाठीं काढावयाची हें कळलें, नागरिकशास्त्राच्या पुस्तकांतील कायदा प्रत्यक्ष कसा चालतो हें कळलें आणि सरकारी मराठी वाचण्याचा सराव झाला. महत्त्वाकांक्षेचेंही तसेंच आहे. "मोठा हो" असें आपण मुलांना सांगतों, पण कशासाठीं मोठा व्हावें तें सांगत नाहीं. मोबदल्याच्या कागदांत अडकलेला शेतकरी ज्यानें पाहिला, त्याला वकील, तहसीलदार किंवा अभियंता व्हावेसें वाटलें, तर ती इच्छा पगाराच्या आंकड्यापेक्षां अधिक टिकाऊ ठरेल.

यांत वडील माणसांचें कामही थोडें नाहीं. १९८९ पासून आपल्या देशांत मतदानाचें वय २१ ऐवजीं १८ झालें आहे. दहावीच्या मुलाला मतदार व्हावयास दोन-तीन वर्षेंच उरलेलीं असतात. तोंवर त्यानें गप्प बसावें आणि त्या दिवशीं एकाएकीं शहाणें व्हावें, ही अपेक्षा पोहणें शिकल्यावांचून पाण्यांत उतरण्यासारखी आहे. घर हें या शिक्षणाचें पहिलें ठिकाण आहे. मुलानें मत मांडलें कीं आपण तीन प्रश्न शांतपणें विचारावेत: हें तुला कोठून कळलें? याच्या उलट म्हणणारा काय म्हणतो? आणि तुझें म्हणणें खरें ठरलें तर त्याची किंमत कोण देईल? उत्तर आलें नाहीं तर हंसूं नये. पुढल्या रविवारपर्यंत मुदत द्यावी. आणि मुलानें तेच प्रश्न उलट आपल्याला विचारले, तर रागावूं नये.

नांदेड येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचें नांव दिलें आहे. सतराव्या वर्षीं सरकारी शाळा सोडलेल्या विद्यार्थ्याचें नांव आज तेथून निघणाऱ्या प्रत्येक पदवीपत्रावर असतें. त्यांत विसंगति नाहीं. मत धरण्याचें धैर्य आणि शिकत राहण्याची चिकाटी या दोन गोष्टी त्यांच्याजवळ एकत्र नांदल्या. आपल्या मुलांत पहिली दिसली कीं आपण घाबरतों. त्या वेळीं मुलांचें तोंड न धरतां दुसरीची सोय करून द्यावी, एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि तें पुष्कळ आहे.