पाझराची मोजणी

मातीचे धरण पाणी अडविते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी त्याच्या पायथ्याशी ज्याच्या नोकरीची वर्षे गेली आहेत असा कोणीही जाणता कर्मचारी सांगेल, की माती पाणी अडवीत नाही, त्यास केवळ विलंब लाविते. मराठवाड्यातील एका जुन्या धरणावर, ऐन भाद्रपदात जलाशय तुडुंब भरलेला असताना, पाझराच्या मोजणीस मी हजर होतो. भरावाच्या पोटात काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरमाचे कवच, आणि गाभ्याच्या पाठीशी वाळूची गाळणी, अशी ही रचना.

पाण्याच्या पातळीतील फरक जितका अधिक आणि मातीतील वाट जितकी आखूड, तितका पाझर जास्त, हा नियम दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभियंता आंरी दार्सी याने वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून १८५६ साली प्रसिद्ध केला. मात्र मातीमातीत अंतर केवढे! ज्या दाबाने स्वच्छ वाळूतून पाणी दिवसाकाठी काही मीटर जाते, त्याच दाबाने घट्ट चिकणमातीतून ते वर्षाकाठी दोन-चार बोटेच सरकते.

या धरणाच्या पायथ्याच्या चरातून आलेला पाझर लोखंडी पत्र्याच्या काटकोनी खाचेवरून पडत होता. पाण्याचा पृष्ठभाग खाचेपाशी वाकतो, म्हणून थोडे मागे रोवलेल्या पट्टीवर, ओणवे होऊन व डोळा पातळीशी आणून, कर्मचाऱ्याने उंची वाचली : १० सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाल्यास प्रवाह साडेपाच पटींहून अधिक होतो, त्यामुळे येथे नजरचूक महागात पडते.

आकडा नोंदवहीत चढल्यावर त्याने काचेच्या पेल्यात पाणी घेऊन ते उन्हात धरले. मला ही कृती मोजणीहून महत्त्वाची वाटली. कारण निवळ पाझर बराच असला तरी तो एकवेळ चालतो, परंतु गढूळ पाझर थोडा असला तरी त्याचा अर्थ गाभ्यातील माती कणाकणाने वाहून पोकळी मागे सरकत चालली आहे, असा होतो. अमेरिकेतील आयडाहो प्रांताचे टेटन धरण ५ जून १९७६ रोजी असेच आतून कोरले जाऊन, सकाळी गढूळ पाणी दिसल्यावर, दुपार होण्याच्या आत फुटले.

हे कण रोखण्याचे काम गाळणीचे. तिची वाळू फार जाड असेल तर माती निसटते, फार बारीक असेल तर पाणी तुंबून भरावातील दाब वाढतो. सबब वाळूची खेप चाळण्यांवर तपासल्याखेरीज स्वीकारू नये, असा दंडक आहे. पाहुण्यांना सांडवा दाखवितात. भरावाखाली गाडलेल्या या वाळूची चौकशी मात्र, एकदा हिशेब चुकता झाला की, सहसा कोणी करीत नाही.