घरातले दाखले – लेखांक ५ : विरजण

गेल्या आठवड्यात पेरणाऱ्याचा दाखला आपण शेताच्या बांधावर नेऊन वाचला. या वेळी स्वयंपाकघरात जाऊ. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्याला खमिराची उपमा दिली आहे. दाखला एकाच वचनाचा आहे. एक बाई खमीर घेते, तीन मापे पिठात घालते आणि सगळं पीठ फुगून येतं. संडे स्कूलमध्ये मुलं हे वचन घडाघडा म्हणून दाखवतात. पण आपल्या घरातल्या भाकरी-चपातीला खमीर लागत नाही, त्यामुळे ते कसं काम करतं हे त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

विरजण मात्र पाहता येतं. रात्री दूध तापवा आणि कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून चटका बसत नाही ना, हे मुलालाच बघू द्या. चमचाभर दही त्याच्याच हाताने घालून ढवळायला लावा आणि भांडं झाकून ठेवा. थंडीचे दिवस असतील तर जाड फडक्यात गुंडाळा. मूल पुन्हा पुन्हा झाकण उघडून बघणारच. बघू द्या, फक्त भांडं हलवू देऊ नका. आत काही चाललंय असं वरून मुळीच कळत नाही. पण त्या चमचाभर दह्यातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करत असतात आणि त्या आम्लाने दुधातली प्रथिनं घट्ट धरतात. सकाळी भांडं कलतं केलं तरी काही ओघळत नाही.

इथेच आपण मोठी माणसं घाई करतो. ‘बघ, देवाचं राज्य असंच वाढतं’ असं सांगून मोकळे होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की तिथे थांबा. आधी विचारा, “रात्री घातलेलं दही आता कुठे गेलं?” मूल भांड्याकडे बोट दाखवेल आणि मग अडखळेल, कारण तो चमचा आता वेगळा काढून दाखवता येत नाही. त्याला विचार करू द्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तरी चालेल. प्रभूनेही पेरणाऱ्याचा अर्थ सांगितला तो शिष्यांनी विचारल्यावर. खमिराच्या दाखल्याचा अर्थ तर शुभवर्तमानांत कुठेच उलगडलेला नाही. ऐकणाऱ्यांच्या विचारशक्तीवर त्याचा एवढा विश्वास होता, मग आपण मुलांवर का ठेवू नये?

दहा-बारा वर्षांच्या मुलांना याच दाखल्यात पुष्कळ सापडेल. तीन मापे म्हणजे जवळपास चाळीस लिटर, घरी येणारे पाण्याचे मोठे दोन जार भरतील एवढं पीठ! शंभराच्या वर माणसांना पुरतील एवढ्या भाकरी होतील. एका घराला एवढी कशाला? अब्राहामाकडे तीन पाहुणे आले तेव्हा त्याने सारेला तीनच मापे सपीट मळायला सांगितलं होतं, हे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात मुलांनाच शोधू द्या. शिवाय वल्हांडणाच्या सणात घरातून खमीर काढून टाकायचं असा नियम होता आणि परूश्यांच्या खमिरापासून जपा असं प्रभूनेच सांगितलं. मग इथे तेच खमीर चांगलं कसं? हा प्रश्न मुलाने विचारला तर गप्प बसवू नका. पहिल्या ऐकणाऱ्यांनाही तो पडला असणार.

खमिराला वेळ लागतो, हे सांगायला आपल्याच मराठी मंडळीतलं उदाहरण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं आणि केवळ पतीच्या शब्दाखातर श्रद्धा बदलणाऱ्या त्या नव्हत्या. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, याचा त्या स्वतःशी विचार करत राहिल्या आणि सोवळ्याओवळ्याची बंधनं गळून पडली. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं त्यांनी सांगितलं आहे. रोजच्या खाण्यापिण्यातून श्रद्धा कशी आकार घेते याचं इतकं प्रांजळ वर्णन मराठीत दुसरं मला माहीत नाही. मोठ्या मुलांना ती पानं वाचून दाखवा.

एक सावधगिरी मात्र हवी. दिसेल त्या वस्तूवर प्रवचन करू लागलो तर मुलं चार दिवसांत कंटाळतात आणि आपल्यासमोर प्रश्न विचारायचंच सोडतात. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी बोला, असं सांगितलं आहे. हे सगळे गप्पांचे प्रसंग आहेत. आठवड्यातून एक दाखला नीट झाला तरी पुरे.

तर या शनिवारी रात्री विरजण मुलांना लावू द्या. रविवारी उपासनेला निघण्याआधी झाकण त्यांनाच काढू द्या आणि मत्तय तेरा, वचन तेहतीस त्यांच्याकडूनच वाचून घ्या. त्यांनी काय विचारलं ते लिहून ठेवा. पुढच्या लेखात मोहरीचा दाणा घेऊ, तेव्हा ते प्रश्न उपयोगी पडतील.