एमआरआयमधली पांढरी रेघ
गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, एक्स-रेवर दिसत नाही. एमआरआयच्या उभ्या छेदांत निरोगी मेनिस्कस काळाभोर त्रिकोण दिसतो. त्यात पांढरी रेघ उमटून पृष्ठभागापर्यंत पोचली, तीही निदान दोन छेदांत, तर तो फाटल्याचं निदान पक्कं धरतात. रेघ आतच विरली, तर ती बहुधा वयोमानाची झीज.

पण रिपोर्ट वाचून लगेच ऑपरेशनची धास्ती घेऊ नका. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांच्या गुडघ्याचा एमआरआय केला गेला. २००८ मध्ये निष्कर्ष आले: मेनिस्कस फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांचा गुडघा आदल्या महिनाभरात दुखलाच नव्हता! म्हणून डॉक्टरांनी गुडघा हाताने वाकवून, फिरवून तपासणं मला एमआरआयइतकंच मोलाचं वाटतं. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर मात्र अंगावर काढू नका.